बफेलोत माड नाहीत, मान्य: सेबर्सच्या मालकांना खुलं पत्र

ईस्टर संडे, 20 एप्रिल 2025
ॲमहर्स्ट, बफेलोजवळ

श्री. टेरी पेगुला आणि व्यवस्थापनातली सगळी मंडळी,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, त्याबद्दल क्षमा वगैरे मागत नाही. इंग्रजीतून तुम्हाला इथले लोक चौदा वर्षं लिहीत आहेत, ओरडत आहेत, रेडिओवर फोन लावून रडत आहेत. त्याचा काय उपयोग झाला ते गुणतक्त्यात दिसतंच. शिवाय माणूस खरा वैतागला की मातृभाषेवर येतो. आपण गोल खाल्ला की माझ्या तोंडून जे निघतं ते थेट खडकी बाजारातलं असतं. इथे जन्मलेल्या माझ्या मुलाचं मराठी बरं आहे म्हणून नातेवाईक कौतुक करतात, त्यातलं निम्मं श्रेय तुमच्या बचावफळीचं आहे.

गुरुवारी आपल्या बफेलो सेबर्सचा मोसम संपला. 82 सामने, 36 विजय, 79 गुण. प्लेऑफ नाही. सलग चौदावा मोसम. एनएचएलच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ कुणीच काढलेला नाही. आधीचा विक्रम दहा मोसमांचा होता, फ्लोरिडा पँथर्स आणि एडमंटन ऑइलर्स या दोघांच्या नावावर. तेच दोघं गेल्या जूनमध्ये स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत एकमेकांसमोर उभे होते. आपण तेव्हा काय करत होतो ते मला पक्कं आठवतं. मी अंगणातलं गवत कापत होतो.

जे मराठी वाचक चुकून इथवर आलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्ही तेवढा परिच्छेद सोडून द्या. हे बर्फावरचं हॉकी. चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. एनएचएल ही त्याची लीग, तिच्यात 32 संघ, त्यातले 16 प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात, आणि ती जिंकणाऱ्याला स्टॅनली कप. म्हणजे वर्गातल्या वरच्या निम्म्या पोरांत यायचं, एवढीच अट. मी आकडेमोडीवर पोट भरणारा माणूस, म्हणून एकदा हिशेब मांडला. नाणं चौदा वेळा उडवलं आणि चौदाही वेळा काटाच पडला, असं होण्याची शक्यता 16,384 मध्ये एक. (लीगमध्ये 30 संघ होते तेव्हा तर 16 जागा निम्म्याहून जास्तच होत्या. तो हिशेब करायला जीव झाला नाही.) संघ नाणेफेकीवर चालवला असता तरी एव्हाना सहा-सात वेळा प्लेऑफ बघून झाले असते. इतकं सातत्यानं हरायला नुसतं फुटकं नशीब पुरत नाही, त्याला कर्तबगारी लागते.

असो.

आज सकाळी शेजारचे आजोबा लोण्याचं कोकरू देऊन गेले. बफेलोतल्या पोलिश घरांत ईस्टरच्या टेबलावर ते लागतंच. मुठीएवढं कोकरू, डोळ्यांच्या जागी मिरीचे दाणे, गळ्यात लाल फीत. ब्रॉडवे मार्केटमधून आणतात, आणि कापायची वेळ आली की मान आधी कोण कापणार यावर घरात वाद होतो. आजोबा दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "त्या दिवशी पण ईस्टर होता." कोणत्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती.

24 एप्रिल 2011. फिलाडेल्फियाविरुद्धचा सहावा सामना, आपल्या घरात, मालिकेत आपण 3-2 नं पुढे. 4-4 अशी बरोबरी, ओव्हरटाइम, आणि विल्ले लेइनो नावाच्या त्यांच्या फिनिश खेळाडूनं गोल मारला. दोन दिवसांनी सातवा सामना तिकडे 5-2 नं गेला. बफेलोच्या बर्फावर त्यानंतर प्लेऑफचा सामना झालेला नाही. माझा मुलगा त्याच आठवड्यातला. बायको आत कळा देत होती आणि मी बाहेर पॅसेजमध्ये फोनवर स्कोअर बघत होतो, हे तिनं मला अजून माफ केलेलं नाही. मुलाला आता चौदा पूर्ण होतील. आवाज फुटलाय, बूट माझ्याहून मोठा लागतो. तुमचा दुष्काळ आणि तो एकदमच मोठे झाले.

आणि तुम्ही काय केलंत? त्याच जुलैत त्या लेइनोलाच घेऊन आलात. सहा वर्षांचा करार, 2 कोटी 70 लाख डॉलर. 2013-14 मध्ये त्यानं 58 सामन्यांत मोजून शून्य गोल केले आणि शेवटी उरलेल्या कराराचे पैसे देऊन त्याला घरी पाठवावं लागलं. ज्यानं घरफोडी केली त्यालाच रखवालदार नेमावं आणि त्यानं झोपा काढाव्यात, असा प्रकार. तेव्हा आम्ही हसलो होतो. नवीन मालक आहेत, हौस आहे, शिकतील म्हणालो.

कारण तुमच्याबद्दल खरंच बरं वाटलं होतं. फेब्रुवारी 2011 मध्ये तुम्ही संघ घेतलात त्या दिवशीची ती पत्रकार परिषद मी दुपारी ऑफिसात चोरून पाहिली होती. समोर बसलेल्या गिल्बर्ट पेरो या सेबर्सच्या जुन्या खेळाडूकडे बघून तुमचा गळा दाटून आला. अब्जाधीश माणूस आपल्या हिरोसमोर रडतोय, हे खोटं करता येत नाही. मग तुम्ही म्हणालात की आजपासून या संघाच्या अस्तित्वाचं कारण एकच, स्टॅनली कप जिंकणं. मी घरी येऊन वडिलांना खडकीला फोन लावला, म्हटलं, बाबा, आमचा मालक आपल्यातला निघाला.

वडिलांचं मध्येच कुठून आलं, ते सांगतो. मी खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते. खडकीत हॉकी म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला अवघड आहे, पण तुमच्या ऑफिसातल्या कुणाला तरी धनराज पिल्लैचं नाव शोधायला सांगा. चार ऑलिंपिक खेळलेला माणूस, आमच्या कारखान्याच्या वसाहतीतला, मोडक्या स्टिका बांधून धुळीच्या मैदानावर शिकलेला. वडील त्याला पोरगा असल्यापासून बघत आलेले. त्यामुळे आमच्या घरात क्रिकेटचा स्कोअर विचारला तर वडील पेपरची घडी घालून उठून जायचे.

मी 2006 च्या ऑक्टोबरमध्ये इथे नोकरीला आलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात ते वादळ आलं. झाडांची पानं अजून गळलेली नव्हती, त्यावर दोन फूट ओला बर्फ. रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज, बंदुका उडाव्यात तसे. वीज गेली ती गेलीच. मी घरात स्वेटरवर स्वेटर घालून, आणलेल्या चिवड्याच्या पुडीवर दिवस काढत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या याच आजोबांनी दार वाजवलं, हात धरून आपल्या घरी नेलं. जनरेटर होता, सूप होतं, आणि रेडिओवर सेबर्सचे समालोचक रिक जेनरेट यांचा आवाज होता. त्या वर्षी आपण पहिले दहाच्या दहा सामने जिंकलो. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण एक माणूस गोल झाल्यावर इतक्या आनंदानं किंचाळू शकतो, एवढं कळलं, आणि पुरलं. पुढच्या मे महिन्यात न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध 7.7 सेकंद उरले असताना क्रिस ड्रुरीनं बरोबरी साधली, तेव्हा मी स्टेडियमबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर एका पूर्ण अनोळखी पोलिसाला मिठी मारली होती. भारतातून आलेल्या माणसानं अमेरिकन पोलिसाला मिठी मारू नये हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असावं. पण त्यानंही मारली.

तेच जेनरेट 51 मोसम बोलून 2022 मध्ये थांबले आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले. शेवटचे अकरा मोसम त्या आवाजाला प्लेऑफचा एक सामना तुम्ही देऊ शकला नाहीत. माझ्या यादीत लेइनो, कोच, करार हे सगळं खाली आहे. हे सगळ्यात वर आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हरण्याचा मला राग नाही. खडकीच्या माणसाला हरण्याचं काय? तुमच्या संघाला तुम्ही हरायला शिकवलंत, आणि आम्हालाही, त्याचा राग आहे.

26 मार्च 2015. ॲरिझोनाविरुद्ध सामना. आपण शेवटून पहिले यावं अशी तेव्हा सगळ्यांचीच इच्छा होती, कारण शेवटच्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीच्या, लॉटरीत सगळ्यात जास्त संधी, आणि त्या वर्षी ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड होता. ॲरिझोना आपल्या थोडी वर. म्हणजे हरायला हवंच. ओव्हरटाइममध्ये त्यांच्या सॅम गॅग्नरनं गोल मारला आणि आमचं स्वतःचं स्टेडियम उठून उभं राहिलं. टाळ्या, आरोळ्या. मीही उभा राहिलो. ऑफिसातल्या मित्राचं जास्तीचं तिकीट होतं. खाली बर्फावर आपली पोरं मान खाली घालून बाहेर जात होती. एकानं वर पाहिलं. कोण होता ते हेल्मेटमुळे दिसलं नाही, आणि मी ते नंतरही कधी शोधलं नाही. खेळाडूंनी नंतर वाईट वाटल्याचं बोलून दाखवलं. त्या रात्री गाडीत आम्ही दोघं खूश होतो, म्हणजे मोठमोठ्यानं बोलत होतो. घरी पोचेपर्यंत गप्प झालो.

18 एप्रिलला लॉटरी निघाली. आपली संधी 20 टक्के, एडमंटनची साडेअकरा. मॅकडेव्हिड एडमंटनला गेला. परवाच त्याला दहा वर्षं झाली. आपल्याला दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकल मिळाला, आणि तो काही कमी नव्हता. पण त्याच्या पहिल्या दिवशीच तुमच्या माणसांचे चेहरे टीव्हीवर पडलेले होते. घरात येणाऱ्या सुनेला उंबऱ्यावर सांगावं की आम्हाला दुसरी हवी होती, तसं.

तुम्ही मुद्दाम हरलात असं मी म्हणत नाही. खेळाडू तर कधीच मुद्दाम हरत नाहीत. पण जिंकू शकणारी माणसं विकून टाकून, दोन वर्षं तळाला बसून (52 गुण आणि 54 गुण, मला पाठ आहेत) संघ "घडवणं" म्हणजे पोराला नापास करून पुढच्या वर्षी पहिला आणू म्हणणं आहे. पोरगा नापास व्हायला शिकतो. त्याला त्याची लाज वाटेनाशी होते. नोव्हेंबर 2018 मध्ये आपण सलग दहा सामने जिंकलो, त्या महिन्याच्या शेवटी अख्ख्या लीगमध्ये वर होतो, आणि तरी एप्रिलमध्ये बाहेर. 2021 मध्ये सलग 18 सामने विजय नाही. गेल्या डिसेंबरातली ती 13 सामन्यांची रांग. दोन गोल पुढे असताना तिसऱ्या सत्रात आपल्या पोरांच्या खांद्यांकडे बघा कधीतरी. आता काहीतरी होणार, हे त्यांना पक चुकायच्या आधीच ठाऊक असतं. हे कौशल्याचं काम नाही, ही सवय आहे. आणि ती सवय लावण्यात त्या मार्चच्या रात्री उभे राहिलेले आम्ही हजारो लोकही होतो. माझा वाटा मी मान्य करतोय. तुमचा अजून कुणी मान्य केलेला मी ऐकला नाही.

गंमत अशी की हीच माणसं इथून बाहेर पडली की जिंकतात. रायन ओ'राइली 2018 मध्ये म्हणाला की हरून हरून खेळाची ओढच कमी होत चाललीये. तुम्ही त्याला सेंट लुईसला पाठवलंत. पुढच्या जूनमध्ये तो स्टॅनली कप उचलून उभा होता आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. आयकलच्या मानेची चकती सरकली, शस्त्रक्रिया कोणती करायची यावर महिनोन्महिने वाद चालला, तो शेवटी नोव्हेंबर 2021 मध्ये वेगासला गेला. 2023 मध्ये त्याच्या हातात कप. समोर हरणाऱ्या फ्लोरिडाच्या संघात कोण होता? आपलाच सॅम राइनहार्ट. आणि त्या फ्लोरिडानं आपल्याला एका गुणानं मागे टाकून प्लेऑफ गाठला होता. 92 आणि 91. पुढच्या वर्षी राइनहार्टनं 57 गोल केले आणि सातव्या सामन्यात कप जिंकून देणारा गोलही त्याचाच. माझा मुलगा दर जूनमध्ये विचारतो, "बाबा, या वर्षी आपला कुठला जिंकणार?" आपला म्हणजे कोण, तर आपल्याकडून गेलेला.

(न्याय म्हणून सांगतो, ओ'राइलीच्या बदल्यात आलेल्यांत टेज थॉम्प्सन होता, आणि त्यानं या वर्षी 44 गोल केले. तेवढं श्रेय घ्या. आम्ही कृतघ्न नाही.)

आणि आता ते माड.

डिसेंबरात, त्या तेरा सामन्यांच्या रांगेत, तुमचे जनरल मॅनेजर केविन ॲडम्स पत्रकारांसमोर म्हणाले की खेळाडू इथे यायला तयार होत नाहीत, इथे माडाची झाडं नाहीत, आणि न्यूयॉर्क राज्याचे कर आहेत. पुढच्या सामन्याला लोक हवा भरलेले प्लॅस्टिकचे माड घेऊन आले. मलाही हसू आलं. नंतर राग आला, आणि तो का आला हे कळायला मला आठवडा लागला.

त्यांचं म्हणणं खोटं नाही म्हणून राग आला. बफेलोत माड नाहीत. नोव्हेंबरात ईरी सरोवरावरून वारा सुटला की एका रात्रीत गाडी बर्फाखाली जाते. कर आहेत, मी भरतो. खेळाडूला मायामीजवळ राहावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. कारण खरं आहे. पण खऱ्या कारणासारखं वाईट व्यसन नाही. खोटं कारण दोन वर्षांत उघडं पडतं, खरं कारण जन्मभर पुरवून खाता येतं.

हे मला बाबांनी शिकवलं. 1975 च्या मार्चमध्ये भारतानं क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिक प्लॅस्टिकच्या गवतावर झालं आणि आम्ही सातवे आलो. मग आमच्याकडे एकच वाक्य तयार झालं: टर्फ. आपल्या पोरांकडे टर्फ नाही, युरोपकडे आहे, गोऱ्यांनी खेळच बदलला. सगळं खरं. मैदानं नव्हतीच. पण ते वाक्य इतकं खरं होतं की तीस वर्षं त्याच्या आड निवड, प्रशिक्षण, संघटनेतली भांडणं, सगळं लपलं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला आम्ही पात्रसुद्धा ठरलो नाही, 1928 पासून पहिल्यांदा. त्या दिवशी बाबा फोनवर म्हणाले, "आता टर्फ आहे रे. आता काय सांगणार?" आणि मग हसले. बाबांचं असं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं. लंडनला 2012 मध्ये बारापैकी बारावे. तळ म्हणजे काय ते तिथे कळलं, आणि तिथून हळूहळू, कुणाला माड नाहीत असं न सांगता, लोक कामाला लागले. टोकियोत जर्मनीला 5-4 हरवून कांस्यपदक मिळालं, तेव्हा खडकीत सकाळ होती आणि इथे आदल्या दिवसाची रात्र. व्हिडिओ कॉलवर बाबांनी फोन टीव्हीसमोर धरला होता, त्यामुळे मला सामना दिसला, बाबा दिसले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. 41 वर्षांनी पदक. पॅरिसला परत एक.

आणि बर्फाचंच म्हणाल तर विनिपेगमध्ये कुठे माड आहेत? आपल्यापेक्षा थंड गाव, आपल्यापेक्षा एकाकी. या वर्षी साखळीत सगळ्या लीगमध्ये पहिले आले. एडमंटन तर त्याहून वर, नकाशात बोट ठेवायला पाय उंचवावे लागतात.

बाबा 2016 च्या हिवाळ्यात इथे आले होते. मी त्यांना सामन्याला नेलं. पहिली दहा मिनिटं म्हणाले, "हे हॉकी नव्हे, ही पाय घसरणाऱ्यांची मारामारी." दुसऱ्या सत्रात पुढे वाकून बसले. तिसऱ्यात त्यांनी मला सांगितलं की तुमचे बचावपटू चकतीकडे बघतात, माणसाकडे बघत नाहीत. बर्फावरचं हॉकी आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या निवृत्त कामगारानं चाळीस मिनिटांत काढलेलं हे निदान मी फुकट देतोय. शेजारच्या आजोबांशी त्यांची ओळख करून दिली तेव्हा वेगळंच झालं. आजोबा पोलिश वंशाचे म्हटल्यावर बाबांनी त्यांना सिडनी 2000 वरून फैलावर घेतलं, कारण तिथे शेवटच्या दोनेक मिनिटांत पोलंडनं 1-1 बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. आजोबा जन्मात पोलंडला गेलेले नाहीत. पण त्यांनी शांतपणे माफी मागितली, आणि मग आपलं 1975 सांगितलं. जुन्या ऑडिटोरियममधला फिलाडेल्फियाविरुद्धचा अंतिम फेरीचा तिसरा सामना, मे महिन्याचा उकाडा, वातानुकूलन नाही, बर्फावर इतकं धुकं की खेळ थांबवून खेळाडूंना गोल गोल फिरायला लावायचे, आणि छतावरून आलेलं वटवाघूळ जिम लोरेंट्झनं काठीनं हवेतच मारलं. सामना आपण जिंकलो, मालिका हरलो. "वटवाघूळ मारायला नको होतं," असं आजोबा आजही गंभीरपणे म्हणतात. बाबांना ते लगेच पटलं. दोघं 1975 मध्ये बसले होते, मी चहा करत होतो.

तेव्हा मागणं काय, ते सांगतो. कप नको. कप 1970 पासून आलेला नाही, 1999 च्या अंतिम फेरीत डॅलसच्या ब्रेट हलचा बूट गोलरक्षकासमोरच्या राखीव जागेत असताना गोल दिला गेला तेव्हापासून आजोबांच्या गाडीवर "नो गोल"चा स्टिकर आहे, आणि तो गाडीबरोबर गंजेल. आमची त्याला तयारी आहे.

"पुनर्बांधणी" हा शब्द बंद करा. चौदा वर्षांत सहा कोच आणून घालवलेत आणि सातवा म्हणून परत लिंडी रफनाच आणलंत, जे 2011 च्या त्या ईस्टरलाही आपल्या बाकामागे उभे होते. इमारत इतकी वर्षं बांधकामातच असेल तर आमच्याकडे त्याला रखडलेला प्रकल्प म्हणतात आणि बुकिंग केलेले लोक मोर्चा काढतात. डालीन, थॉम्प्सन यांच्याबद्दल लिहिताना माझा हात आखडतो, कारण कौतुक केलं की माणूस जातो असा अनुभव आहे. त्यांना सोबतीला तिशीतली, हरण्याची चीड असलेली चार माणसं आणा, थोडे जास्त पैसे टाकून आणा. जेफ स्किनरला गेल्या जूनमध्ये पैसे देऊन मोकळं केलंत. हजारावर सामने खेळून एकही प्लेऑफ न पाहिलेला तो माणूस आता एडमंटनच्या संघात आहे आणि त्यांचा प्लेऑफ या आठवड्यात सुरू होतोय. मला त्याच्यासाठी आनंद आहे, शपथ. फक्त तो आनंद मला घरी बसून व्हायला हवा होता का?

आणि या गावाला दोष देणं थांबवा. डिसेंबर 2022 च्या वादळात या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्या तीन दिवसांत आमच्या गल्लीत कोण कुणाचं अंगण उपसत होतं हे मी पाहिलंय. असल्या लोकांना "तुमचं गाव कुणाला आवडत नाही" असं त्यांच्याच संघानं सांगायचं नसतं.

मुदतही सांगून ठेवतो. मुलगा चार वर्षांत कॉलेजला जाईल. इथली पोरं शिकायला बाहेर पडतात, फार थोडी परत येतात. तो जायच्या आत एप्रिलमध्ये आपल्या घरात एक सामना. एक. जिंकलाच पाहिजे असं नाही. मध्यंतरी त्यानं विचारलं होतं की प्लेऑफमध्ये नक्की काय वेगळं असतं. मी सांगायला लागलो: ओव्हरटाइम गोल होईस्तोवर चालतो, पेनल्टी शूटआउटचा खेळखंडोबा नसतो, खेळाडू दाढी करत नाहीत, मालिका संपली की रांगेत उभे राहून हात मिळवतात. बोलता बोलता लक्षात आलं की मी पानिपतची बखर सांगतोय. त्यानंही तशीच ऐकली, आदरानं, आणि मध्येच फोन बघत.

आज संध्याकाळी ओंटारिओ सरोवरापलीकडे टोरंटोत ओटावाचा पहिला सामना आहे. ओटावा सात मोसमांनी प्लेऑफला पोचलंय, आणि मार्चमध्ये तुम्ही त्यांना दिलेला डिलन कझन्स त्यांच्याकडून खेळतोय. मुलानं दुपारपासून सोफ्याची जागा धरली आहे. अंगात कझन्सची 24 नंबरची जर्सी, आपलीच, निळी-सोनेरी, गेल्या वाढदिवसाला घेतलेली. बाह्या आखूड झाल्यात. आजोबाही आलेत, उरलेलं कोकरू आणि पाव घेऊन. कोकराला आता मान नाही. मला दोनदा हाक मारून झाली, आता तिसरी आली: "बाबा, सुरू झालं."

कळावे. लोभ आहेच, घोटाळा तिथेच आहे.

आपला,
खडकीचा एक हॉकीवाला, हल्ली मुक्काम ॲमहर्स्ट